बर्फ फोडणारं जहाज

मंगळवार, १४ मे

ही वही मुलांच्या धावण्याच्या वेळा लिहायची. पुढची बारा पानं सेकंदांनी भरलेली आहेत. आज उलट्या बाजूने लिहायला घेतोय, कारण आज जे झालं ते कोणाजवळ तरी बोलायला हवं, आणि आमच्या झेदुबानी गावात सकाळी एकाला सांगितलेलं संध्याकाळी तिखटमीठ लागून आपल्याकडेच परत येतं.

आमच्या इंग्रजीच्या बाईंना, खातुनाला, आज सकाळी कळा सुरू झाल्या. महिनाभर आधीच. जुळी आहेत. नवरा तिला गाडीत घालून तालुक्याला, ओझुर्गेतीच्या दवाखान्यात निघाला, तर हिने शाळेसमोर गाडी थांबवून खिडकीतून एक जाडजूड फाइल मुख्याध्यापिकेच्या हातात कोंबली आणि मगच पुढे गेली.

त्या फाइलमध्ये आमचं मरण आहे. सत्तावीस तारखेला वेल्समधून बारा मुलं आणि एक शिक्षिका येणार आहेत. चार दिवस त्यांच्याबरोबर आमच्या मुलांनी इंग्रजीतून खेळायचं, हसायचं, धमाल करायची. हे चार दिवस नीट पार पडले तर दोन शाळांचा करार होईल आणि दर उन्हाळ्यात आमची पाच मुलं तीन आठवडे तिकडे जातील. खातुना यासाठी दोन वर्षं पत्रं लिहीत होती.

एतेरीने, म्हणजे मुख्याध्यापिकेने, सगळ्या शिक्षकांना एका रांगेत उभं केलं. "कोण घेतंय?" रशियनच्या बाईंचा घसा तिथल्या तिथे बसला. गणिताचे गुराम सर गरज पडली की बहिरे होतात, ते झाले.

"ओतिया सर, तुम्हाला किती इंग्रजी येतं?"

"ऑफसाइड, पेनल्टी, कॉर्नर, फाउल."

"म्हणजे या खोलीत सगळ्यांत जास्त," असं म्हणून तिने फाइल माझ्या पोटावर आपटली.

"बाई, मी सत्तावन्न वर्षांचा कुस्तीगीर आहे. व्यायाम शिकवतो. माझी जीभ आता कुठे वळायची?"

"तुमची जीभ मी पहिलीपासून बघतेय. एक दिवस थांबलेली नाही. वळेल."

सगळे हसले. गुराम सरांनासुद्धा ऐकू आलं.

एतेरी आणि मी याच शाळेत एका वर्गात होतो. ती पहिल्या बाकावर, मी दारापाशी, म्हणजे बाहेर काढायला सोपा. लोकांसमोर आम्ही अहो-जाहो करतो, एरवी अरे-तुरे. तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. माझं लग्न राहून गेलं. आधी कुस्ती होती, मग आईचं आजारपण. मुख्याध्यापिका झाल्यापासून ती माझ्यावर फार डूख धरून असते. आज तिने सूड उगवला.

बुधवार, १५ मे

फाइल उघडली. पहिल्याच पानावर: "पहिला कार्यक्रम: आइसब्रेकर." शब्दकोशात पाहिलं. अर्थ दिलाय, बर्फ फोडत जाणारं जहाज.

पुन्हा पाहिलं. जहाजच.

आता आमच्या गुरिया प्रांतात मे महिन्यात मी जहाज कुठून आणू? खातुनाला फोन लावावा तर ती बाळंत होतेय. पण मग वाटलं, बाई हुशार आहे, उगाच लिहायची नाही. जहाज नसेल जमत तर निदान बर्फ तरी फोडू.

माझ्या घरासमोरच्या वेनेराच्या दुकानात मासे ठेवायचा मोठा फ्रीझर आहे. तिच्याकडून सहा पातेली भरून बर्फ करून घेतला. प्रत्येकात इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, गोठवल्या. वरच्या दोन वर्गांतल्या बावीस मुलांना मैदानावर घेतलं, हातात लाकडी मोगऱ्या दिल्या आणि शिट्टी मारली. ज्याला चिठ्ठी मिळेल त्याने शब्द ओरडायचा आणि त्याचा अर्थ करून दाखवायचा.

देवा रे! शाळेत तीस वर्षं आहे, असा तास झाला नाही. 'बेडूक'वाला उड्या मारतोय, 'वादळ'वाली सगळ्यांच्या अंगावर धावून जातेय, बर्फाचे तुकडे आभाळात. तास संपल्याची घंटा कोणी ऐकली नाही.

एतेरी खिडकीत उभी होती. काहीतरी टिपून घेत होती. तक्रार वरपर्यंत जाणार बहुतेक.

शुक्रवार, १७ मे

खातुनाला मुलगा आणि मुलगी. तिघंही ठणठणीत. तिने स्वतःच फोन केला.

"सर, कसं चाललंय? आइसब्रेकर जमला का?"

"जमला. सहा पातेली फोडली."

"कसली पातेली?" मग मी सगळं सांगितलं, तर बाई इतकी हसली की नर्स धावत आली. "सर, टाके दुखतात हो, बास करा! अहो, अनोळखी मुलं एकमेकांशी बोलती व्हावीत म्हणून सुरुवातीला जो छोटा खेळ घेतात ना, त्याला म्हणतात आइसब्रेकर! खरा बर्फ नसतो!"

मी म्हणालो, मग बोलती झालीच की.

ती म्हणाली, "सर, पाहुणे आल्यावरही तेच करा. अगदी तसंच. बाकी फाइल वाचू नका."

माझी शिकवणी मारेखीकडे चालू आहे. मारेखी नववीत आहे, तिची आई ग्रीसमध्ये कामाला असते, आजीजवळ राहते, आणि तिच्या जिभेला विळ्यापेक्षा जास्त धार आहे. मोबाइलवर बघून बघून इंग्रजी शिकली. मी तिला म्हटलं, मी जे बोलेन ते चुकलं तर लगेच सांग. म्हणाली, "सर, मग शाळा किती वाजता सुटेल?"

पण एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती, ती मी आज सगळ्यांना शिकवली. खेळ संपल्यावर गोरी माणसं एकमेकांना काय म्हणतात? 'थँक यू व्हेरी मॅच.' किती छान रीत आहे! सामन्याबद्दल आभार. मुलांना फारच आवडलं. सगळी एकमेकांकडे बघून खिदळायला लागली. मारेखीने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, परत मिटलं आणि म्हणाली, "बरोबर आहे सर." तेव्हापासून दर खेळानंतर सगळा वर्ग एका सुरात म्हणतो.

सोमवार, २० मे

आज नवा नियम काढला. मैदानावर फक्त इंग्रजी. आपली भाषा तोंडातून निघाली की चेंडू समोरच्या संघाकडे.

शिट्टी वाजली आणि मैदान गप्प. पाच मिनिटं गप्प. अकरा मिनिटं गप्प! गुरियातली बावीस मुलं, चेंडू पायात, आणि तोंडातून शब्द नाही. आसपासच्या घरांतून माणसं बाहेर आली. शाळेसमोरचा म्हातारा काठी टेकत धावत आला आणि कुंपणावरून म्हणाला, "ओतिया, कोण गेलं रे?"

बाराव्या मिनिटाला मारेखी किंचाळली, "हिअर! गिव्ह! तू गाढ–" आणि हाताने स्वतःचंच तोंड दाबलं. चेंडू गेला. पण त्यानंतर जो काही धबधबा फुटला! गो, कम, रन, माय बॉल, नो माय बॉल, यू ब्लाइंड. शेवटचं मला उद्देशून होतं. व्याकरण कुठे होतं मला माहीत नाही, पण सगळे बोलत होते.

एतेरी मैदानावर आली. हातात झाकलेलं ताट. "मुलं उपाशीपोटी पळतात का, ते बघायला आले," म्हणाली. ताटात अंडं आणि चीज भरलेल्या गरम खाचापुऱ्या. मुलांनी दोन मिनिटांत ताट चाटून ठेवलं, पण एक तिने वेगळ्या कागदात बांधून आणली होती. "ही तुमच्यासाठी. नाहीतर पडाल कुठे, आणि मला दुसरा माणूस शोधावा लागेल."

टोमणा मारल्याशिवाय बाईला घासही देता येत नाही. खाचापुरी मात्र झकास होती.

गुरुवार, २३ मे

एतेरी म्हणाली की पाहुण्यांशी तिलाही दोन शब्द बोलावे लागणार, तर शाळा सुटल्यावर तिचीही तालीम घ्यावी. मारेखी होतीच, पण पंधराव्या मिनिटाला तिला आजीचं काहीतरी काम आठवलं. वास्तविक आजीला मी दुपारीच तालुक्याच्या गाडीत चढताना पाहिलं होतं.

मग आम्ही दोघंच. पहिल्या बाकावर ती, समोर मी. चाळीस वर्षांनी जागा बदलली!

"व्हॉट इज युवर नेम?" मी विचारलं.

"माय नेम इज एतेरी."

"नाइस टू मीट यू, एतेरी."

"नाइस टू मीट यू, ओतिया," ती म्हणाली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. मी म्हटलं, तुला बरं वाटत नाहीये का, खिडकी उघडू? ती म्हणाली, उघड. उघडली. मग म्हणाली, लाव. हवाही मानवत नाही बाईला.

पन्नास वर्षांची ओळख, आणि एकमेकांना भेटून आनंद झाला असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. आज सतरा वेळा म्हटलं. तिचा उच्चार माझ्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, तरी ती पुन्हा पुन्हा घ्यायला लावत होती. मेहनती आहे.

शनिवार, २५ मे

सगळं तयार. बर्फ गोठतोय. वेनेराने माशांना शेजारच्या घरी पाठवलंय.

मी मात्र आज तीनदा मैदान झाडलं. पहिल्या मोठ्या कुस्तीच्या आधी आखाडा झाडायचो तसं. मारेखीने आज विचारलं, "सर, पाच मुलं कशी निवडणार?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "मला नाही न्यायचं तर नका नेऊ, पण करार होऊ द्या. आई म्हणते, मी आठ वर्षांत गावाबाहेर पाऊल टाकलं नाही म्हणून तिला तिकडे झोप लागत नाही." आणि लगेच, "तुम्ही 'वेलकम' म्हणताना इतकं ओरडू नका हं, ती माणसं आहेत, बकऱ्या नाहीत."

सोमवार, २७ मे

आले! आणि काय झालं ते सांगतो.

गाडी थांबली. दार उघडलं. आमची बावीस मुलं रांगेत, केस चापून बसवलेले. बारा मुलं खाली उतरली, एकमेकांशी बडबडत. मी कान टवकारले. एक शब्द ओळखीचा नाही. एकही नाही! घशातून खाकरल्यासारखं काहीतरी, मग गाण्यासारखं काहीतरी. ना गो, ना कम, ना माय बॉल.

एतेरी दातांमधून म्हणाली, "ओतिया, तू पोरांना काय शिकवलंस? हे कसलं इंग्रजी?"

"मारेखी," मी म्हणालो, "हे काय बोलतायत?"

मारेखी पांढरीफटक. "सर, मला एक अक्षर कळत नाहीये."

मनात म्हटलं, संपलं. तेरा दिवस आपण चुकीची भाषा घोकली.

तेवढ्यात त्यांची शिक्षिका उतरली. नेरिस तिचं नाव. पन्नाशीची, माझ्याएवढी उंच, खांदे दारात मावायचे नाहीत असे. आमची तोंडं बघून तिच्या लक्षात आलं असावं. ती सावकाश इंग्रजीत बोलली आणि मारेखीच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "सर, ती त्यांची घरची भाषा आहे! वेल्श! त्यांच्या गावात सगळे तीच बोलतात. ती म्हणते, आमच्या दुकानात कोणी इंग्रजी बोललं तर दुकानदार विचारतो, पाहुणे कुठले?"

मला इतकं हलकं वाटलं की मी बकऱ्या हाकतात तसा "वेलकम!" ओरडलो. मारेखीने डोळे मिटून घेतले.

मग बर्फ. नेरिसने विचारलं, हे काय? मारेखीने सांगितलं, आइसब्रेकर. नेरिसने सहा पातेल्यांकडे पाहिलं, चौतीस मोगऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती बाई गुडघ्यांवर हात ठेवून रडेपर्यंत हसली. मग मोगरी घेतली आणि पहिलं पातेलं एका घावात फोडलं. त्यात इतकं हसण्यासारखं काय होतं कळलं नाही, पण घाव सुरेख होता.

दहा मिनिटांनी कोणतं पोर कुठल्या गावचं ते ओळखू येत नव्हतं.

मंगळवार, २८ मे

सामना. रग्बी. त्यांच्याकडे वेड, आपल्याकडेही वेड. नेरिस तरुणपणी जिल्ह्याच्या संघात होती म्हणे. तिने आणि मी मुलांना पकड कशी करायची ते करून दाखवलं. तिने मला कमरेला धरून उचललं आणि गवतावर ठेवलं. मला! मी तिला टाळी दिली. पंच म्हणून एतेरी होती. तिने या वेळी इतकी मोठी शिट्टी मारली की झाडावरचे पक्षी उडाले.

नियम तोच. फक्त इंग्रजी. पहिली पाच मिनिटं दोन्ही संघ सभ्य. मग मुलांच्या अंगात आलं. आमचे आमच्या भाषेत ओरडले, चेंडू तिकडे. त्यांचे त्यांच्या भाषेत ओरडले, चेंडू इकडे. पन्नास मिनिटांत चेंडू त्रेचाळीस वेळा इकडचा तिकडे. वेल्श पोरांना आमच्या दोन शिव्या पाठ झाल्या आणि आमच्यांना त्यांच्या तीन. हिशेबाने आम्ही पुढे.

शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत. चेंडू आमच्या हातात. मी रेषेबाहेरून धावत सूचना देत होतो, तेवढ्यात चिखलात पाय सटकला आणि दाणकन पाठीवर पडलो. काही झालं नव्हतं. पण एतेरीने शिट्टी टाकली आणि पंच असताना, सगळ्यांसमोर, आपल्या भाषेत किंचाळली, "ओतिया! अरे, जिवंत आहेस ना तू?"

मैदान थांबलं. मारेखी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, नियम."

आणि एतेरीला स्वतःच्या चुकीबद्दल चेंडू पाहुण्यांना द्यावा लागला! त्यांनी लगेच गुण केला. हरलो!

असली पंचगिरी मी आयुष्यात पाहिली नाही. तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मर तू खुशाल," आणि ताडताड निघून गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. चूक तिची आणि राग मलाच!

सामना संपल्यावर चौतीस मुलं एकमेकांचे हात हलवत ओरडली, "थँक यू व्हेरी मॅच!" वेल्श मुलांना ही रीत माहीतच असणार, तरी पोट धरून हसत होती.

बुधवार, २९ मे

आजचं लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

आज खजिना शोधायचा खेळ होता. सहा गट, प्रत्येकात तिकडची दोन, इकडची तीन-चार. गावभर चिठ्ठ्या लपवलेल्या. प्रत्येक घरातल्या माणसाला एक इंग्रजी वाक्य पाठ दिलेलं. ते म्हणून त्याने पुढची चिठ्ठी द्यायची. शेवटची चिठ्ठी मी स्वतः लिहिली होती. खजिन्याचा डबा नदीच्या पुलाखाली ठेवला होता. मोबाइल सगळ्यांचे काढून घेतले, भाषांतर करू नये म्हणून.

दुपारी दोनपर्यंत पाच गट डब्यापाशी. सहावा नाही. मारेखीचा. तिच्याबरोबर आमची दोन आणि पाहुण्यांची दोन मुलं.

तीन वाजले. साडेतीन. नेरिस हसत होती, मग हसायची थांबली. मारेखीची आजी रस्त्यावर येऊन उभी राहिली. एतेरीने शेवटची चिठ्ठी मागितली. वाचली. मग फार हळू म्हणाली, "ओतिया, 'अंडर' म्हणजे खाली ना?"

"हो."

"तू 'ओव्हर' लिहिलंयस."

बाकीच्या पाच गटांनी ओळखलं होतं की सरांचं काहीतरी चुकलं असणार. मारेखीच्या गटाने माझं खरं मानलं. ती पुलावरून पलीकडे गेली. पलीकडे काय आहे? जुने, सोडून दिलेले चहाचे मळे. गुडघाभर रान, तीन टेकड्या, आणि पडके खड्डे.

नेरिसला मी हे स्वतः सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगू दिलं नाही. इंग्रजीतून सांगितलं: आय राइट बॅड. माय फाउल. तिने मान हलवली आणि बुटाचे बंद घट्ट केले.

मग मी पळालो. कुस्ती सोडल्यापासून इतका पळालो नव्हतो. मागून नेरिस, तिच्या मागून एतेरी. टाचांचे बूट हातात घेऊन, अनवाणी! पहिल्या टेकडीवर कोणी नाही. दुसरीवर नाही. एतेरीने माझा हात धरला होता चढताना, तो उतरतानाही सोडला नाही. मी म्हटलं, एतेरी, माझ्यामुळे पोरांचा करार गेला. ती म्हणाली, "करार गेला खड्ड्यात. पोरं सापडू देत. आणि तू दम धर, तोंड निळं पडलंय."

तिसऱ्या टेकडीवरून गाणं ऐकू आलं.

तिथे एकट्या राहणाऱ्या पेलागिया आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. अजूनही स्वतःपुरता चहा खुडतात. त्यांच्या अंगणात पाचही पोरं मांडी घालून बसलेली, हात मनगटापर्यंत हिरवे, चहाची पानं तळहातावर चोळत. पुढ्यात मक्याच्या भाकऱ्या आणि आलुबुखाराची चटणी. वेल्श मुलं त्यांचं गाणं म्हणत होती आणि पेलागिया आजी खालून आपला सूर लावत होत्या.

"सर!" मारेखी उठली. "खजिना कुठे? आम्ही सगळीकडे शोधला. मग आजी म्हणाल्या, आता आलाच आहात तर पानं चोळा."

मी पाचही डोकी दोनदा मोजली. शेवटी म्हटलं, "अगं, बाकीच्यांनी ओळखलं मी चुकलो. तू कसं नाही ओळखलंस?"

"तुम्ही रोज रात्री शब्दकोश घेऊन बसता, हे वेनेराने सांगितलं. मला वाटलं, आता नाही चुकणार."

नेरिस तिच्या मुलांपाशी उकिडवी बसली. त्या दोघांनी तिला चार तासांचं सगळं एका दमात सांगायला सुरुवात केली, हिरवे हात नाचवत. आणि मध्येच नेरिसने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती दोघं इंग्रजीत बोलत होती, स्वतःच्या बाईशी! मारेखीलाही कळावं म्हणून.

परतताना एतेरीने बूट घातले. हात मात्र माझ्याकडेच होता. घसरण होती तिथे.

शुक्रवार, ३१ मे

झाला! करार झाला! काल सही झाली, आज पाहुणे गेले.

नेरिस म्हणाली (मारेखीच्या तोंडून), तिच्या मुलांना घरी परकी भाषा कोणी चुकत बोलताना ऐकायला मिळत नाही, त्यामुळे तीही दुसरी भाषा बोलताना चुकायला घाबरतात. इथे त्यांना एक मोठा माणूस दिवसातून शंभर वेळा चुकताना दिसला, आणि तो मेला नाही. मला हे कौतुक आहे की काय ते कळलं नाही. मारेखी म्हणाली, कौतुक आहे सर, घेऊन टाका.

उन्हाळ्यात मुलांबरोबर दोन शिक्षक लागतील. नेरिसने माझं नाव घेऊन मागणी केली.

गाडीत चढायच्या आधी नेरिसने मला कडकडून मिठी मारली आणि पुन्हा एकदा जमिनीवरून उचललं. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. एतेरी सोडून. ती म्हणाली, तिला कार्यालयात काम आहे. सही झाली, पाहुणे गेले, कुठलं काम?

मारेखी पाचांत आहे. तिला सांगितलं, तर तिने यादी माझ्या हातातून ओढून स्वतः वाचली. मग आईला फोन लावला, आणि दोघी फोनवर नुसत्या किंचाळत राहिल्या. कुठल्या भाषेत, देव जाणे.

सोमवार, ३ जून

एतेरीने मधल्या सुट्टीत कार्यालयात बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, 'ओव्हर'बद्दल लेखी खुलासा.

"वेल्सला तू जातोयस," ती कागदांकडे बघत म्हणाली. "दुसरं कोण ते ठरव."

"खातुना."

"तिच्याकडे दोन तान्ही आहेत."

"मग तू चल. तुझा उच्चार चांगला आहे."

"नेरिसला चालेल?"

"तिला काय करायचंय?"

"तिने तुला उचलून घेतलं, ओतिया. भर चौकात."

"अगं, ती पकड होती! आणि तीही चुकीची. डावा पाय पुढे होता तिचा. मनात असतं तर मी तिला तिथेच पाडली असती."

एतेरीने कागद खाली ठेवले. तिचे ओठ हलायला लागले, मग खांदे, आणि मग ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. हसून झाल्यावर डोळे पुसले.

"ओतिया, मी सहा वर्षं तुझ्या तासाला त्या खिडकीत उभी राहते."

"तपासणीला."

"तपासणी वर्षातून एकदा असते."

मी खिडकीकडे पाहिलं. तिथून मैदान दिसतं. मैदानावर दुसरं काही बघण्यासारखं नाही. गोलाचे दोन खांब, एक मोडका बाक आणि मी.

मी खिडकीची कडी काढली, परत लावली. शेवटी म्हटलं, "रविवारी येतो तुझ्याकडे. तुझ्या अंगणाचं कुंपण बघून देतो."

"कुंपण धड आहे."

"मग?"

"तरी ये."

बाहेर आलो. व्हरांड्यातून चाललो होतो की आणखी काय, सांगता येत नाही. पायऱ्या उतरलेल्या आठवत नाहीत. मैदानावर नववीची मुलं वाट बघत उभी. मी शिट्टी मारली आणि म्हटलं, मैदानाला पाच फेऱ्या, सगळ्यांनी, चला!

"का सर?" मारेखीने विचारलं. "आम्ही काय केलं?"

कारण सांगायला तोंड उघडलं, पण शब्द येईना. इंग्रजीत येईना आणि आपल्याही भाषेत येईना. मग मीच पळायला लागलो. मुलं क्षणभर बघत राहिली आणि आरडाओरडा करत मागून आली. मी वर पाहिलं नाही, पण खिडकी उघडल्याचा आवाज ऐकला. सातव्या फेरीला गुराम सरांनी घंटा दिली, आणि तरी कोणी थांबलं नाही.